व्हिसा एक, देश अनेक

गेल्या महिन्यात नांदेड जिल्ह्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आम्हाला आले. अक्षर मोत्यासारखे, शाळेच्या फळ्यावर लिहावे तसे. पत्र चार पानांचे, पण मजकूर थोडक्यात असा : "सप्रेम जयभीम. आमची मुलगी व जावई जर्मनीत फ्रँकफर्ट येथे असतात. उन्हाळ्यात आम्हा उभयतांना बोलावले आहे. जावई म्हणतात, जर्मनीचा व्हिसा काढा, त्यावर पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड सगळे पाहून होईल. इकडे आमचे शेजारी म्हणतात, असे कसे होईल? प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा. खरे काय ते आपल्या सदरातून सांगावे. शिवाय एवढ्या दूर जातोच आहोत तर लंडनला जाऊन बाबासाहेबांचे घर पाहावे अशी आमच्या सौ.ची फार इच्छा आहे."

गुरुजी, जावईबापू बरोबर आहेत. शेजारीही अगदीच चूक नाहीत. आणि पत्रातील शेवटच्या ओळीतच खरी मेख आहे. ती वाचली आणि आमच्या पोटात धस्स झाले. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी मूळ गोष्ट. युरोपात लक्झेंबर्ग नावाचा चिमुकला देश आहे. त्यात मोझेल नदीच्या काठी, द्राक्षाच्या मळ्यांत वसलेले शेंगेन नावाचे गाव आहे. जर्मनी आणि फ्रान्स या दोन्ही देशांच्या सीमा तेथेच येऊन मिळतात. १४ जून १९८५ रोजी या गावाजवळ नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाच्या बोटीवर पाच देशांच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या. बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी हे ते पाच देश. एकमेकांच्या सीमेवरची पासपोर्ट तपासणी हळूहळू बंद करायची, असा तो करार. १९९० साली त्याचे तपशीलवार नियम ठरले आणि २६ मार्च १९९५ पासून प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. तोपर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल येऊन मिळाले होते. म्हणजे सुरुवातीला सात देश. पुढे इटली, ऑस्ट्रिया, ग्रीस आले. २००१ मध्ये स्वीडन-नॉर्वेकडचे पाच देश आले. डिसेंबर २००७ मध्ये पोलंड, झेक, हंगेरी वगैरे एकदम नऊ देश आले. २००८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंड, २०२३ च्या पहिल्या दिवशी क्रोएशिया. रुमानिया आणि बल्गेरिया यांना फार ताटकळावे लागले. ३१ मार्च २०२४ पासून त्यांचे विमानतळ व बंदरे आत आली आणि जमिनीवरची सीमा १ जानेवारी २०२५ ला उघडली. आता एकूण देश झाले २९.

या २९ देशांचे अंगण एक आहे, असे समजावे. अंगणाला कुंपण आहे, फाटक आहे. फाटकावर तपासणी होते. एकदा आत गेले की या घरातून त्या घरात जायला कोणी अडवत नाही. यापैकी कोणत्याही एका देशाने पर्यटकाला व्हिसा दिला की तो साधारणपणे सगळ्या २९ देशांत चालतो.

आपल्यापैकी पुष्कळजण लुंबिनीला जाऊन आले आहेत. सोनौलीच्या कमानीखालून आपली बस नेपाळात शिरते तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नाही. त्यामुळे परदेश म्हणजे काय याची आपल्या मंडळींची पहिली कल्पना फार सोपी असते. युरोपच्या अंगणाच्या आत तसेच आहे. फाटकावर मात्र नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची थोरली बहीण आणि दाजी २०१९ साली युरोपला गेले. दाजी रेल्वेतून निवृत्त झालेले, बहीण अंगणवाडी सेविका होती. आमचा भाचा नेदरलँड्समधील आइंडहोवन या शहरात इंजिनिअर आहे. घरात दहा महिन्यांची नात. तिला पाहायला आजी-आजोबा एप्रिलच्या अखेरीस निघाले. व्हिसा अर्थातच नेदरलँड्सचा. मुक्कामाचे ६० दिवस मंजूर झालेले. परतीचे विमान १४ जूनला ॲमस्टरडॅमहून. नातीचा पहिला वाढदिवस ९ जूनला होता. तो करूनच यायचे असे ठरले होते. ताईने त्यासाठी येथून झबले शिवून नेले होते, पुरणाचे यंत्रही नेले होते.

पहिला महिना फार सुखात गेला. भाच्याने गाडीतून बेल्जियम दाखवले, जर्मनीत कोलोनचे ते उंच चर्च दाखवले, लक्झेंबर्ग दाखवले. फ्रान्समध्ये पॅरिस झाले. पुढे रेल्वेने स्वित्झर्लंड झाले. एका डच व्हिसावर सहा देश. कोठे कोणी पासपोर्ट मागितला नाही. दाजींना सर्वांत आवडले ते बार्ले नावाचे गाव. आइंडहोवनपासून फार दूर नाही. तेथे बेल्जियमचे तुकडे नेदरलँड्सच्या पोटात विखुरलेले आहेत. सीमारेषा फुटपाथवरून, दुकानातून, घरांच्या आतूनसुद्धा जाते. फरशीवर पांढऱ्या फुल्या काढून ती दाखवली आहे. घर कोणत्या देशाचे, हे पुढचे दार ज्या देशात उघडते त्यावरून ठरवण्याची तेथे रीत आहे. दाजींनी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला आणि आम्हाला पाठवला. खाली लिहिले, "मी सध्या दोन देशांत उभा आहे." उभी हयात रेल्वेत काढलेल्या माणसाला, सिग्नलशिवाय हद्द ओलांडता येते याचे नवल वाटणारच.

मग ठरले लंडन. इंग्लंडचा व्हिसा दोघांनी मुंबईहूनच वेगळा काढून नेला होता, कारण १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता ताईच्या मनात घर करून होता. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना ज्या घरात राहिले, ते हे घर. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. सूनबाई आणि बाळ आइंडहोवनलाच राहिले, कारण बाळाचा इंग्लंडचा व्हिसा काढलेला नव्हता. भाचा, ताई आणि दाजी असे तिघेच २४ मे रोजी ब्रुसेल्सहून समुद्राखालच्या बोगद्याच्या गाडीने लंडनला गेले. तीन दिवसांचे कपडे, एक बॅग.

घर पाहिले. ताई त्या जिन्यावर बराच वेळ बसून होती असे दाजी सांगतात. ती स्वतः त्याबद्दल फार बोलत नाही.

२७ मे रोजी परतीच्या गाडीसाठी तिघे लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात आले. या गाडीची गंमत अशी की फ्रान्सचे सीमा पोलीस लंडनच्या स्टेशनातच बसतात आणि शेंगेनच्या फाटकाची तपासणी तेथेच उरकतात. भाच्याने आपले डच राहिवासाचे कार्ड दाखवले. तो आत गेला. मागून दाजींनी पासपोर्ट दिला. त्या पोलिसाने व्हिसाचे पान उलटले, ब्रुसेल्सचा बाहेर पडल्याचा शिक्का पाहिला आणि व्हिसावरच्या एका रकान्यावर बोट ठेवले. 'नंबर ऑफ एंट्रीज' असे तेथे छापलेले होते आणि त्यासमोर आकडा होता, ०१.

म्हणजे फाटकातून आत यायला एकदाच परवानगी. ते एकदा ॲमस्टरडॅमला वापरले गेले होते. ब्रुसेल्सला इंग्लंडच्या गाडीत बसताना दोघे अंगणाबाहेर पडले. आता मुदत शिल्लक होती, ६० पैकी निम्मे दिवस शिल्लक होते, परतीच्या विमानाचे तिकीट होते, नात घरात वाट पाहत होती. तरी आत जाता येईना.

भाचा काचेच्या पलीकडे, आईबाप अलीकडे. तो पोलीस उद्धट नव्हता, असे दाजी आवर्जून सांगतात. त्याने पाणीही दिले. पण नियम नियमच. भाचा परत फिरून आला. त्याने दूतावासात फोन केले, ओळखीच्यांना विचारले. नवा व्हिसा काढायचा तर अर्ज आपण जेथे कायम राहतो त्या देशातून करायचा असतो. लंडनमध्ये चार दिवसांच्या पाहुण्याने तो करावा म्हटले तर अवघड, आणि झाला तरी निर्णयाला पंधरा दिवस लागणार. तेवढे दिवस लंडनच्या हॉटेलात राहायचे कोणाच्या जिवावर? दाजींच्या साखरेच्या गोळ्या आइंडहोवनच्या कपाटात. पर्समध्ये पाच दिवसांपुरत्या होत्या म्हणून निभावले. शेवटी लंडनहून मुंबईची दोन तिकिटे काढली. ऐंशी हजारांच्या घरात गेली. ॲमस्टरडॅमची तिकिटे वाया गेली. सामान पुढे कोणा ओळखीच्यांबरोबर दोन खेपांत आले. पुरणाचे यंत्र अजून तिकडेच आहे.

ताईने आम्हाला विमानतळावरून फोन केला. आम्हाला वाटले ती रडेल. ती एवढेच म्हणाली, "अरे, निघताना बाळ झोपलं होतं. म्हटलं तीन दिवसांत येतेच आहे, कशाला उठवायचं."

पुढच्या वर्षी जायचे ठरवले तर २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळ्यांचीच फाटके बंद झाली. नात प्रत्यक्ष भेटली ती २०२२ च्या मे महिन्यात, भाचा कुटुंबाला घेऊन इकडे आला तेव्हा. तिला चौथे वर्ष पूर्ण व्हायला महिना राहिला होता. ती ताईच्या साडीच्या काठाला हात लावून पाहत होती. फोनमधली आजी खरी आहे की काय ते.

चूक कोणाची? भाच्याने स्वतःला फार दोष दिला. पण त्याचेही एका अर्थाने समजू शकते. त्याच्याजवळ राहिवासाचे कार्ड. तो वर्षानुवर्षे आत-बाहेर करत होता. आईवडिलांच्या पासपोर्टवरचा कागद वेगळ्या जातकुळीचा आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. परदेशी राहणारी मुले हुशार असतात, पण आईबापाच्या व्हिसाचे नियम त्यांना माहीत असतातच असे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आणि अर्जातील तो रकाना? मुंबईत अर्ज भरून देणाऱ्याने 'एक वेळ' अशी खूण केली होती. दाजींनी सही केली. दाजींनाही कोणी विचारले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

म्हणून गुरुजी, तुमच्या पत्रातील लंडनची ओळ वाचून आमच्या पोटात धस्स झाले.

यातून मार्ग दोन. एक तर अर्जातच अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागावा आणि लंडनला जाणार असल्याचा कागद, म्हणजे इंग्लंडचा व्हिसा व तिकीट, सोबत जोडावा. मागितला म्हणून मिळेलच असे नाही. मिळाला तर त्या रकान्यात आकड्याऐवजी 'मल्ट' अशी इंग्रजी अक्षरे येतात. '०२' आले तरी तुमचे काम भागते. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे : लंडन आधी करा, नाहीतर अगदी शेवटी. मधे नको. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या जाहिराती नीट पाहा. युरोपच्या सहलीत लंडन असेल तर ते बहुधा पहिल्या तीन दिवसांत उरकलेले असते. आम्हाला पूर्वी वाटे, लंडन मोठे म्हणून पहिला मान. आता कळले.

लंडनसारखेच आयर्लंडचे. तो देश युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. सायप्रसही तसेच. उलट स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. चलनावरून तर मुळीच ठरवू नये. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो, झेक आणि पोलंडमध्ये त्यांची आपापली नाणी, तरी व्हिसा हाच. रोममध्ये व्हॅटिकन पाहायला जाल तर तो कागदोपत्री वेगळा देश आहे, पण तेथे फाटक नाही. चौकात चालत जायचे. तुर्कस्तान मात्र साफ बाहेर. इस्तंबूलला मधेच दोन दिवस जाऊन येतो म्हणाल तर ताईचीच गत.

आता व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा? गुरुजींचे प्रकरण सरळ आहे. मुलगी जर्मनीत, मुक्काम जास्त जर्मनीत, तेव्हा जर्मनीकडेच. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. समजा पॅरिस चार दिवस, स्वित्झर्लंड सहा, इटली तीन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस समसमान असतील तर ज्या देशात पहिले पाऊल ठेवणार त्याच्याकडे. विमान मात्र कोठेही उतरू शकते. स्विस व्हिसा घेऊन पॅरिसला उतरले तर गुन्हा नाही. अधिकारी विचारील की बाबा, स्विस व्हिसा आणि इकडे कसा? तेव्हा हॉटेलची आरक्षणे आणि पुढचे रेल्वे तिकीट दाखवता आले पाहिजे.

येथे एक गैरप्रकार चालतो, तो सांगितलाच पाहिजे. उन्हाळ्यात काही देशांच्या व्हिसा केंद्रांवर तारखाच मिळत नाहीत. मग कोणी सल्ला देतो, अमुक देशाची तारीख लवकर मिळते, त्याच्याकडे खोटी आरक्षणे दाखवून व्हिसा काढा आणि मग जा हवे तेथे. आम्ही म्हणतो, या फंदात पडू नये. ज्या देशाने व्हिसा दिला तेथे एक रात्रही न काढणारा माणूस फाटकावर सापडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि ही सगळी माहिती या देशांच्या एकाच सामाईक यंत्रणेत नोंदली जाते. एका देशाने नाकारले तर दुसऱ्याला दिसते. आपण आयुष्यभर खऱ्या कागदांवर नोकरी केली. म्हातारपणी खोटे आरक्षण कशाला?

दिवसांचा हिशेब हा दुसरा घोटाळा. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. हे ९० दिवस सगळ्या २९ देशांचे मिळून. जर्मनीत ९० झाले, आता इटलीत ९० राहतो, असे नाही. येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजतात. उदाहरण घ्या. एखादी आजी २०२५ मध्ये १ जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत लेकीकडे राहिली. ३१ अधिक २८ अधिक ३१, झाले ९०. तिला पुन्हा फाटकात पाऊल ठेवता आले असते ते ३० जूनला, त्याआधी नाही. कारण ज्या दिवशी तुम्ही आत असाल त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात ९० च्या वर जायचे नाही. बाळंतपणाला सहा महिने जाऊन राहू, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. आणि हेही की व्हिसावर ९० च छापलेले असतील असे नाही. पुष्कळदा ३० किंवा ६० असतात. जो आकडा छापला तो खरा.

त्यातही एक बारकावा आहे. व्हिसावर दोन तारखा असतात, अमुकपासून तमुकपर्यंत, आणि शेजारी 'ड्युरेशन ऑफ स्टे' म्हणून दिवस. एकदाच्या प्रवासाच्या व्हिसात तारखांचे अंतर बहुधा दिवसांपेक्षा पंधराने जास्त ठेवतात. प्रवास मागेपुढे झाला तर अडचण नको म्हणून. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांनी त्या शेवटच्या तारखेपर्यंत आरामात राहायचे ठरवले होते. दिवस ३०, तारखांचे अंतर ४५. नशिबाने जाण्याआधी त्यांनी आम्हाला कागद दाखवला. ३१ व्या दिवसापासून ते बेकायदा ठरले असते, तारीख उलटलेली नसली तरी.

पूर्वी शिक्के मोजून हिशेब करावा लागे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या देशांनी फाटकावर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू केली आहे. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. ती टप्प्याटप्प्याने सगळीकडे लागू करायची योजना होती. यंत्र दिवस विसरत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो, म्हणून दोन विमानांमध्ये अंतर जरा जास्त ठेवावे.

अर्जाचे थोडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आम्ही म्हणू, दोन-तीन महिने आधी करावा. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. जून २०२४ पासून शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ आणि त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. नाकारताना मात्र कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांना लागू हवा. स्वस्त म्हणून एकाच देशापुरता घेऊ नये.

पैशाचा पुरावा म्हणून निवृत्तांनी पेन्शनचे कागद आणि बँकेचा उतारा द्यावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकणे, हा आपल्याकडे सर्रास होणारा प्रकार. उताऱ्यात तो लगेच डोळ्यात भरतो. खात्यात पन्नास हजार सहा महिने राहिलेले बरे दिसतात. मुलांकडे राहणार असाल तर निमंत्रणाचा किंवा हमीचा प्रत्येक देशाचा स्वतःचा नमुना असतो. तो मुलांनी तिकडच्या कचेरीतून रीतसर करून पाठवायचा असतो, साध्या पत्राने भागत नाही. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी खात्याची परवानगी आधी घ्यावी. ती फाईल किती टेबलांवरून फिरते हे आम्ही सांगायला नको.

आत फिरताना पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नये. अंगण मोकळे आहे हे खरे, पण अलीकडे घरवाले उंबऱ्यावर पुन्हा उभे राहू लागले आहेत. फ्रान्सने २०१५ च्या हल्ल्यांनंतर तपासणी सुरू केली. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व जमिनीवरच्या सीमांवर ती सुरू केली, तात्पुरती म्हणून, आणि पुढे मुदत वाढवत नेली. गुरुजी पॅरिसहून फ्रँकफर्टला गाडीने परत येतील तेव्हा डब्यात पोलीस येऊन पासपोर्ट मागू शकतात. घाबरायचे कारण नाही. कागद दाखवावा.

एक चांगली बातमीही आहे. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर मिळवून नीट वापरलेले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा मिळू शकतो, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर त्यानंतर पाच वर्षांचा. अर्थात ९० आणि १८० चा हिशेब तेव्हाही सुटत नाही.

ताई आणि दाजी २०२३ मध्ये एकदा गेले, २०२४ मध्ये एकदा गेले. दोन्ही वेळा लंडनचे नाव काढले नाही. २०२५ मध्ये त्यांना दोन वर्षांचा मिळाला. पासपोर्ट घरी आला त्या संध्याकाळी ताईने आम्हाला बोलावून घेतले. चष्मा पुसून दाजींच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाचा." दाजींनी तो रकाना वाचला. तिने आम्हाला वाचायला लावला. मग शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही बोलावून वाचून घेतला. तिघांचे एकमत झाल्यावर पासपोर्ट कपाटात गेला.

गुरुजी, तुम्ही अर्ज भरून घ्याल तेव्हा सही करण्याआधी तो रकाना कोठे आहे ते दाखवायला सांगा. आणि जमल्यास मुंबईहून आधी लंडन, तेथून फ्रँकफर्ट अशी तिकिटे काढा. इंग्लंडच्या व्हिसाला वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि वेगळा वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात आताच करा. तुमच्या सौ.ना जिन्यावर बसायला सवड मिळेल एवढा वेळ लंडनला ठेवा.